उतरणीवरची बनाबाई

उंबरमाळच्या बायकांना कुणी विचारलं, तुमचं गाव कुठं, तर त्यांचं बोट आधी पाण्याकडं जायचं आणि मग माळाकडं वळायचं. गाव आता माळावरच होतं. पण भाटघरचं धरण भरायच्या आधी ते खाली होतं, आणि ज्यांचं बालपण खाली गेलं त्यांच्या बोटाला ती सवय राहिली होती. धरणाच्या पाण्यानं तिथं मोठं वळण घेतलेलं. पश्चिमेला पाणी लांबवर मोकळं, पलीकडच्या काठाला सडक, आणि अलीकडं वळणाच्या कुशीत ही वीसेक घरं. समुद्र त्यातल्या कुणीच पाहिला नव्हता. पण होळी पेटून गेली की दुपारी घाटाकडून वारा सुटायचा, मोकळ्या पाण्यावर त्याला अडवणारं कुणी नसायचं, आणि काठाशी येईस्तोवर कमरेएवढ्या लाटा उभ्या राहायच्या. त्या लाटांवर पालथं पडून उंबरमाळच्या बायका घरी यायच्या.

परगावचे लोक हे ऐकून हसायचे. पण त्यात थट्टेसारखं काही नव्हतं. दुधाची गाडी पलीकडच्या सडकेला थांबायची. पाण्याला वळसा घालून चालत गेलं, तर पोचेपर्यंत गाडी गेलेली आणि दूध नासलेलं. नाव होती, पण ती फक्त बाजारादिवशी, आणि तीही नावाडी शुद्धीवर असला तर. तेव्हा बायकांनी फळी काढली. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची, उभी केली तर छातीला लागेल एवढी, पुढचं टोक विस्तवावर शेकून जरा वर उचललेलं, दोन्ही कडांना सुके भोपळे बांधलेले. सकाळी पाणी निजलेलं असायचं. दुधाची किटली पुढं काथ्यानं आवळायची आणि हातानं पाणी मारत पलीकडं जायचं. दुपारी वारा उठला की रिकामी किटली घेऊन लाटेबरोबर माघारी. पुरुष या फळीला शिवायचे नाहीत. त्यांना पोहायला नुसते भोपळे पुरायचे, आणि फळीला ते ‘न्हाणीतला पाट’ म्हणायचे. बायका म्हणायच्या, असू द्या, त्याच पाटावर तुमचं घर बसलंय.

माघारी येताना सगळी मेख होती ती उतरणीत. काठाला दोन काळे कातळ पुढं आलेले आणि त्यांच्या मधे मुरमाची, गाळाची, अलगद चढत जाणारी जागा. तिलाच उतरण म्हणायचे, आणि कातळांना पाण्यावरून येणाऱ्याच्या हातानं डावा, उजवा. तिथं लाट आपटायची नाही, पसरायची, आणि फळी आपसूक वर येऊन टेकायची. पण उन्हाळ्यात पाणी खाली खाली जायचं, नवे खडक उघडे पडायचे, आणि उतरणही खाली सरकायची. काल जिथं टेकलो तिथं आज टेकता येईल असा भरवसा नसायचा.

बनाबाईला मात्र ती बरोबर सापडायची. तिचं माहेर आणि सासर एकाच गावातलं. उतरण म्हणजे जुन्या गावातून माळावर येणारी गाडीवाट, आणि बैलगाडीच्या मागच्या बाजूला लोंबकळत त्या वाटेनं ती कितीदा वर आली होती. अंगानं शिडशिडीत, कासोटा घट्ट मारलेला, तोंडात मशेरी, बोलणं मोजकं. पाण्यात ती घाई करायची नाही. एक लाट जाऊ द्यायची, दुसरी जाऊ द्यायची, बाजारात वांगं दाबून बघून परत टोपलीत टाकावं तसं. मग एखादी पसंत पडली की दोन हात मारायची आणि अंग सोडून द्यायची. काठावरच्या पोरी धुणं हातात तसंच धरून बघत राहायच्या. त्यातल्या बऱ्याच जणींना फळीवर घातलं होतं तेही तिनंच.

पाण्यात उतरण्याआधी ती साती आसरांना हळदकुंकू वाहायची. काठावरच्या उंबराखाली शेंदूर लावलेले सात दगड होते, त्या पाण्याच्या देवता. त्यांचा एक नेम गावानं पाळला होता. पाण्यावर असलेल्या माणसाला काठावरून हाक मारायची नाही. आसरांच्या कानावर नाव पडलं तर त्या त्या माणसाला आपल्याकडं बोलावून घेतात, असं म्हणायचे. म्हणून उतरणीवर कितीही बायका उभ्या असल्या तरी तिथं शांतता असायची. नवी सून आली की तिला चुलीच्या आधी हा नेम सांगायचे.

कोयनेचा मोठा भूकंप झाला त्याच्या आदल्या साली सगुणा बनाबाईची सून होऊन आली. माहेर मार्गासनी. तिथं नदी होती, पण ती धुण्यापुरती, घोट्याएवढी. नवरा ज्ञानू स्वभावानं मऊ, पण आईच्या बाबतीत भित्रा. आईनं आता पाणी सोडावं, दूध सगुणानं न्यावं, असं त्याला पहिल्यापासून वाटत होतं. अडचण अशी, की सगुणाला पाणी बघितलं तरी घशाला कोरड पडायची.

पहिलं वर्षभर बनाबाईनं तिला नुसतं उतरणीवर गुडघाभर पाण्यात बसवलं. लाट आली की पाठीवर घ्यायची, एवढंच. शेजारची कमळाबाई येताजाता विचारायची, "काय गं, अजून अंडी उबवतीयास व्हय?" सगुणा खाली मान घालायची. बनाबाई म्हणायची, बसू दे, पाठीला कळलं की डोक्याला सांगावं लागत न्हाई. आणि तसंच झालं. एके दिवशी लाटेनं सगुणाला पाठीवर थाप मारावी तसं ढकललं, आणि तिला ती थाप ओळखीची वाटली. त्या उन्हाळ्यात ती फळीवर पालथी पडली. पुढच्या उन्हाळ्यात किटली घेऊन सासूच्या मागोमाग पलीकडं जाऊन आली. त्या दिवशी बनाबाईनं काही कौतुक केलं नाही. रात्री जेवताना तिच्या ताटात तुपाची धार मात्र जरा जास्त पडली.

त्यानंतर बनाबाईनं एक नवीन रीत सुरू केली. सकाळी निघण्याआधी काठावर उभी राहून ती सुनेला विचारायची. सांग बरं, डाव्या कातळाचा कुठवरचा भाग उघडा पडलाय? सांग बरं, गाळ ओला दिसतोय का चिरफळलाय? पलीकडं कोण कोण उभं आहे? सगुणा नीट निरखून उत्तर द्यायची. बनाबाई मान हलवायची, कधी म्हणायची, परत बघ. सगुणाला अभिमान वाटायचा. माहेरी गेली की आईला सांगायची, आमच्या आत्याबाई मला रोज परीक्षेला बसवतात, एवढं कोण शिकवतं सुनेला.

दोन-तीन उन्हाळे असेच गेले. सगुणाला मुलगी झाली, ती रांगायला लागली. आणि एके सकाळी, चैत्रातल्या, बनाबाई उंबराखाली हळदकुंकू वाहत होती, सगुणा मागं किटली घेऊन उभी होती. बनाबाईनं एकेका दगडाला बोट टेकवलं, हात जोडले आणि उठली. सगुणानं वाकून नमस्कार केला तेव्हा तिला दिसलं, की सातवा दगड कोराच आहे. सातव्यांदा बोट त्याच्या शेजारच्या मुळीवर टेकलं होतं. उंबराच्या मुळीवर ओलं कुंकू चमकत होतं.

सगुणानं चटकन आपल्या पदराला बोट पुसलं, हळदीकुंकवाची वाटी उचलली आणि सातव्या दगडाला कुंकू लावलं. बनाबाई तोवर पाण्यापाशी पोचली होती. तिथून नेहमीसारखं तिनं विचारलं, "सांग बरं, आज कातळ कसा हाय?"

सगुणानं वाटी उंबराखाली ठेवली आणि कातळाकडं बघितलं. ती परीक्षा नव्हती. कधीच नव्हती. इतके दिवस आत्याबाई तिच्या डोळ्यांनी काठ बघत होत्या.

मग मागचं सगळं तिला उमगत गेलं. आत्याबाई तांदूळ निवडायचं काम अलीकडं तिच्याकडं देत. उन्हातून घरात आल्या की दाराशी जरा थांबत, चपला झटकल्यासारखं करत. माणूस बोलल्याशिवाय त्याला ओळख देत नसत, आणि लोक म्हणत, बनाबाईला वयाबरोबर ताठा आला.

आता करायचं काय? ज्ञानूला सांगितलं, तर तो त्याच संध्याकाळी फळी माळ्यावर टाकेल. ते चूकही नव्हतं, त्यात त्याची मायाच होती. पण आत्याबाई भिंतीला टेकून बसल्या आहेत, हे चित्र सगुणाला डोळ्यांपुढं आणवेना. ज्या बाईचं सगळं गाव पाण्याखाली गेलं, तिच्या हाती त्या गावातली ही एक वाट उरली होती, रोज दुपारी लाटेवरून वर येण्याची. आणि नाही सांगितलं, तर एखाद्या दिवशी कातळ आडवा येईल. सगुणानं देवापुढं बसून दोन्हीचा विचार केला आणि कुठलाच कौल लागला नाही. शेवटी तिनं एवढंच केलं, की सकाळी उत्तरं भरभरून द्यायला लागली. विचारल्यापेक्षा जास्त सांगायची. गाळ इथं असा वळलाय, उजव्या कातळाच्या पायथ्याला नवा धोंडा उघडा पडलाय, वारा बघा कसा अजून निजलाय. आणि माघारी येताना मुद्दाम दोन हात पुढं राहायची, म्हणजे आपल्या फळीच्या भोपळ्यांची खळखळ आत्याबाईंना ऐकू जावी. बनाबाई काही बोलली नाही. तीही ऐकून घ्यायची.

वैशाखात पोरीला ताप भरला. सगुणा त्या दिवशी पलीकडं गेली नाही. सकाळी काठापर्यंत जाऊन तिनं आत्याबाईंना काठाचं सगळं सांगितलं आणि घरी परतली. दुपारी पोरीला घाम फुटून ताप उतरला, ती झोपली, आणि सगुणा दारात आली तर दक्षिणेच्या डोंगरावर वळवाचा ढग चढलेला. अंगणातली धूळ रोजच्या दिशेनं उडत नव्हती. वारा फिरला होता.

शेजारच्या म्हातारीला पोरीजवळ बसवून ती उतरणीवर धावली. कमळाबाई आणि आणखी दोघी नुकत्याच वर आल्या होत्या, लुगडी पिळत होत्या. आपण कशा वाकड्या आलो, हात मारून मारून फळी सरळ केली, असं बोलून हसत होत्या. मागं पाण्यावर बनाबाई एकटी होती. तिनं लाट निवडली होती. पसंत पडलेली लाट, भरलेली, उंच. पण लाट वाऱ्याबरोबर तिरकी चालली होती आणि फळी सरळ डाव्या कातळाच्या रोखानं येत होती.

"काकीचं कायतरी येगळंच," कमळाबाई म्हणाली. "कातळाला घासून वळवत्याल बघ आता. आपल्याला जमायचं न्हाई बाई."

बाकीच्या दोघींनी मान डोलावली. बनाबाईला पाण्यावर चुकताना कुणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळं ती चुकत असेल हे कुणाच्या मनातही येईना. आणि आलं असतं तरी हाक मारायची नव्हतीच. तिघी कौतुकानं बघत उभ्या राहिल्या.

सगुणानं उंबराकडं एकदा बघितलं. मग ती गुडघाभर पाण्यात शिरली आणि जिवाच्या आकांतानं ओरडली.

"आत्याबाई, कातळ! उजव्या हाताला या, उजव्या!"

पाण्यावरून आवाज गेला. बनाबाईनं मान उचलली नाही की कुठं बघितलं नाही. तिनं डावा हात पाण्यात खोल मारला, परत मारला, पाय आडवा टाकला. फळी लाटेच्या खांद्यावरून घसरली, कातळाला घासून गेली, पाणी उसळून तिच्या अंगावर आलं, भोपळा कातळावर फुटला. मग फळी वाकडीतिकडी होत मुरमावर येऊन टेकली.

बनाबाई उठून बसली, तोंडावरचं पाणी पुसलं. आता सगळ्यांनाच दिसत होतं. डोळे उघडे होते, पण ते कमळाबाईच्या अंगावरून जाऊन भलतीकडंच बघत होते.

कमळाबाईनं आधी दुसराच विषय काढला. बहुतेक तिला तोच सोपा वाटला. "सगुने, हाक मारलीस की गं. आता आसरांना काय सांगायचं?"

"काय सांगायचं?" बनाबाई म्हणाली. "नेम नावाचा हाय. तिनं माझं नाव घेतलंय का? आत्याबाई म्हनली. आता कोनाची आत्याबाई, कुठली आत्याबाई, आसरांना काय ठावं? न् नुसत्या वरडन्याचं म्हनशील, तर तुझ्या म्हशी रोज पान्यात बसून वरडत्यात. त्यास्नी न्हेलं का अजून कोनी?"

एकजण फिसकन हसली आणि मग सगळ्याच हसल्या. पण सगुणाला हसू आलं नाही. आत्याबाईंनी तिच्याकडं तोंड केलं नव्हतं. फळी तिथंच टाकून त्या वाटेला लागल्या, आणि सगुणा हात धरायला गेली तर त्यांनी हात मागं घेतला.

बातमी त्यांच्या आधी घरी पोचली होती. ज्ञानूनं आवाज चढवला नाही. उतरणीवर जाऊन फळी उचलून आणली, बायकांच्या वस्तूला पहिल्यांदाच हात लावला, आणि माळ्यावर सरपणाच्या मागं सारली. आये, बास आता, एवढंच म्हणाला आणि गोठ्यात जाऊन बसला. दूध आता सगुणा नेऊ लागली. बनाबाई भिंतीला टेकून बसली, अगदी सगुणाच्या डोळ्यांपुढं आलं होतं तशीच. नातीला मांडीवर घ्यायची, जेवण द्यावं तेवढं जेवायची. सुनेशी मात्र एक शब्द नाही. कधी काही हवं असलं तर नातीला सांगायची, तुझ्या आईला म्हणावं पाणी दे. पोर तेव्हा बोलतही नव्हती.

अमावस्येला सगुणानं दहीभात कालवला, खण घेतला, हिरव्या बांगड्या घेतल्या आणि उंबराखाली गेली. नेम मोडला होता, तो आत्याबाईंनी हसण्यावारी नेला तरी तिच्या मनातून जात नव्हता. सातही दगडांना तिनं कुंकू लावलं आणि सांगितलं, माझं चुकलं असंल तर मला बोलवा, त्यांना नको. म्हणून झालं तेव्हा मागं पावलं वाजली. बनाबाई आली होती. एकटी, घरापासून, काठीसुद्धा न घेता. ती जुनी गाडीवाट होती, पावलांना पाठ होती.

ती खाली बसली.

"कवापास्नं ठावं होतं तुला?"

"चैतापास्नं. तुमी मुळीला कुंकू लावलं तवा."

"मग गप का ऱ्हायलीस?"

सगुणा म्हणाली, "तुमाला पान्याबिगर करमलं नसतं."

"आन् मग वरडलीस का? चार जणीत माझी शोभा केलीस."

"कातळ लई जवळ आला हुता, आत्याबाई."

बनाबाईनं हात पुढं करून दगड चाचपले. एक, दोन करत सातव्यापर्यंत गेली, त्याच्यावर तळवा ठेवून थांबली. मग म्हणाली, "लाट मला अजून कळती. पाठीला कळती. काठ तेवढा कळंना."

सगुणाला वाटलं, हे आत्याबाई आपल्याशी बोलत नाहीत, देवाशी बोलताहेत.

त्या रात्री बनाबाईनं मुलाला जेवणावर बसवलं आणि हिशेबानं बोलली. पलीकडं मी जाणार नाही. दूध, किटली, ते सगळं तुझ्या बायकोचं. पण दुपारचं या काठाला, छातीभर पाण्यापर्यंत जाईन, तिथनं लाट घेईन आणि येईन. सगुणा काठावर उभी राहील आणि आवाज देईल. ज्ञानू म्हणाला, लोक काय म्हणतील. बनाबाई म्हणाली, म्हणायचं ते म्हणून झालंय त्यांचं. ज्ञानू म्हणाला, वारा फिरला तर? सगुणानं भाकरी वाढता वाढता सांगितलं, वारा फिरला तर मी जाऊच देणार नाही. सुनेनं नवऱ्यादेखत सासूच्या बाबतीत असा शब्द टाकणं हे त्या घरात पहिल्यांदाच घडत होतं. ज्ञानूनं आईकडं बघितलं. आई शांतपणे घास चावत होती. दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता माळ्यावर चढला, आणि फुटल्या भोपळ्याच्या जागी त्यानं नवा भोपळा बांधून दिला. काथ्याची गाठ पुरुषी होती, बोजड. बनाबाईनं ती चाचपून बघितली आणि सोडली नाही.

मृग लागायला थोडेच दिवस उरले होते. वारा सरळ होता. सगुणानं आत्याबाईंना हात धरून पाण्यात नेलं, फळी त्यांच्या छातीखाली दिली आणि स्वतः माघारी येऊन उतरणीच्या बरोबर मधे उभी राहिली. कमळाबाई आली होती, आणखी कितीतरी बायका धुण्याचं निमित्त काढून आल्या होत्या. बनाबाई पाण्याशी सपाट, एका रेघेसारखी दिसत होती. तिनं एक लाट जाऊ दिली. दुसरी जाऊ दिली.

सगुणाच्या लक्षात आलं, की आवाज द्यायचा म्हणजे बोलायचं काय, हे ठरलंच नव्हतं. डावीकडं, उजवीकडं म्हणायला फळी अजून निघालीही नव्हती. पण गप्प राहिलं तर आत्याबाईंना काठ कुठं आहे ते कळणार कसं? नाव घेता येत नव्हतं. ती बावरली. मग तोंडाला येईल ते बोलायला लागली, मोठ्यानं, ओट्यावर बसून बोलावं तसं. आत्याबाई, मी हितं उभी हाय. पोरगी झोपलीय. कमळाबाई आल्यात, त्यांची लाल म्हैस काल व्याली, रेडी झाली. खरवस पाठवते म्हणाल्या होत्या, अजून पाठवला न्हाई.

कमळाबाई म्हणाली, अगं पाठवते की, सगळ्या धरणाला कशाला सांगतीस. बायका हसायला लागल्या. हसणंही काठावरून पाण्यावर गेलं.

तिसरी लाट आली. फळी उचलली गेली. सगुणा बोलतच राहिली, आज आमटीला मीठ जास्त झालंय, तुमचं तुमी बघून घ्या, वरून पानी घालू का बटाटा टाकू ते सांगा. फळी त्या आवाजाच्या सरळ रेषेत येत होती, ना इकडं ना तिकडं. लाट पसरली, पाणी सगुणाच्या पिंडऱ्यांना लागून मागं गेलं, आणि फळी तिच्या पायांपाशी मुरमावर टेकली.

बनाबाई पालथीच पडून होती. गाल ओल्या लाकडाला टेकलेला, धाप लागलेली.

"बटाटा टाक," ती म्हणाली.